अजून पाव फेरा

१

नट आवळण्याचीसुद्धा एक रीत असते, आणि ती रीत चांगदेव ओव्हाळांनी तंत्रनिकेतनात उभं आयुष्य शिकवली होती. आधी आटे रॉकेलने धुवायचे, फडक्याने कोरडे करायचे. मग नट नुसत्या बोटांनी जाईल तिथवर फिरवायचा. बोटांना अडला तर पाना हातात घ्यायचाच नाही, कारण वाकडा चढलेला नट पान्यापुढे निमूटपणे वाकडाच आत जातो. मग समोरासमोरचे नट जोडीने धरायचे. एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. दर टप्प्याला क्षणभर थांबायचं, धातूला बसू द्यायचं. शेवटी टॉर्कचा पाना. ठरवलेला जोर पोचला की तो हातात ‘टक्’ करतो. टक् झालं की हात काढायचा. त्याच्या पुढे जो जातो तो इंजिनिअर नव्हे, पहिलवान, असं ते वर्गात म्हणत आणि पोरं दरवर्षी हसत.

आता निवृत्तीनंतर वर्ग उरला नव्हता. होती ती कळव्याला तळमजल्यावरच्या घरामागची पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये उत्तराची मोटारसायकल.

उत्तरा त्यांची एकुलती मुलगी. गुरांची डॉक्टर. तिची नेमणूक मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्याही पलीकडच्या दवाखान्यात झाली होती. तिथल्या पाड्यांवर एसटी जात नाही, आणि व्यायला अडलेली गाय एसटीची वाट बघत नाही. म्हणून तिने ही गाडी घेतली. बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात आलेला कुणी परदेशी इंजिनिअर ती मागे टाकून गेला होता. जुनी, उंच, सायलेन्सर कमरेइतका वर उचललेला, पुढचं मडगार्ड चोचीसारखं. डांबरावर चालावी आणि रानातही चालावी अशी.

“बैलाच्या डॉक्टरीणबाईंना घोडा मिळाला,” सरांची बायको जाईबाई म्हणाली. “आणि घोड्याला मोतद्दारही मिळाला घरातलाच.”

सर हसले नाहीत. त्यांच्या पोटात एकच भीती घर करून होती: त्या उताराच्या रस्त्यावर एखादा नट सुटेल, चाक निखळेल, आणि तो नट आपण तपासलेला नसेल. म्हणून गाडीचा बोल्ट न् बोल्ट ते स्वतः उघडून परत बसवत होते. आवळून झाला की उत्तराच्या नेलपॉलिशने नटावरून खालच्या लोखंडावर एक लाल रेघ ओढायची. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटते, लांबूनही दिसतं.

त्या सकाळी चहा घेऊन ते शेडमध्ये गेले, तर मागच्या एक्सलच्या नटावरची रेघ तुटलेली होती.

त्यांनी चष्मा पुसला. कळव्याला लोकल गाड्यांची कारशेड जवळ. दिवसभर जमीन हलते. हादऱ्यांनी नट सुटणारच. ते खाली बसले आणि तसेच बसून राहिले. रेघेचा वरचा तुकडा उजवीकडे सरकला होता.

नट सुटला नव्हता. कुणीतरी तो अजून पाव फेरा आवळला होता.

२

चांगदेव सर स्वतःवर चटकन विश्वास ठेवणाऱ्यातले नव्हते. दार लावलं का हे बघायला ते फाटकापासून परत येत. परीक्षेचे पेपर तपासले की पुन्हा तपासत. तेव्हा पहिला संशय त्यांनी रीतीप्रमाणे स्वतःवरच घेतला. खाडीच्या हवेत लोखंड गंजतं म्हणून कळव्यात सगळेच आटे तेलात बुडवून चढवतात. आपणही सवयीने तेल लावलं असेल. पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांचा. तेलावर तोच आकडा धरला तर बोल्ट नको इतका ताणला जातो. चूक असेल तर ही असेल.

पण या चुकीने बोल्ट ताणला जातो. ओढून झालेली रेघ सरकत नाही.

त्यांनी नाक्यावरून नामाला बोलावलं. नामा कोळीवाड्यातला, खाडीच्या कडेला त्याचं गॅरेज. आला तो हसतच.

“सर, तुमी टॉर्क मारला, मंग पॉलिश लावलं, मंग इसरून परत मारला. वय झालं का असं होतंय.”

“मी विसरलो असेनही. पण तू बघ तरी.”

“सुटलेला नट मी रोज बगतो. आपोआप आवळनारा भेटला तर दोन डझन द्या मला. गॅरेज बंद करून मासे मारायला जातो बापासारका.”

त्याने पाना लावला. नट हलेना. दांड्यात लोखंडी पाइप घातला, तरी हलेना. मग नामा अक्षरशः पाइपवर चढला तेव्हा नट मांजर चिरडल्यासारखा ओरडून सुटला. नामाने एक्सल बाहेर ओढून उजेडात धरला. आट्यांच्या खाली, जिथे तो सरळ असायला हवा, तिथे तो ओढलेल्या गुळाच्या पाकासारखा बारीक झाला होता.

नामाचं हसू गेलं.

“ह्यो घाटात तुटला असता, सर.”

“म्हणजे माझ्या हातून—”

“तुमच्या हातून?” नामाने सरांच्या मनगटाकडे बघितलं. वाळक्या शेवग्याच्या शेंगेएवढं मनगट. “तुमच्या हातून नारल तरी फुटतो का? ह्यो जोर मानसाचा नाय वाटत. कोनाशी वाकडं हाय का तुमचं? नाय तर ताईचं?”

“मी मास्तर माणूस. माझं कुणाशी वाकडं असणार?”

“नापास केला आसल कोनाला तरी,” नामा म्हणाला, पण त्याचा विनोद त्यालाच पटला नाही. नवा एक्सल आणून देतो म्हणाला आणि पाइप तिथेच ठेवून निघाला. जाताना त्याने शेडचं दार स्वतः ओढून घेतलं.

सरांनी शेडला कुलूप घातलं. किल्ली करगोट्याला बांधली.

३

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, आणि शुक्रवारीच वीजही जाई. त्या शुक्रवारी दुपारी पंखा थांबला तशी घरातली हवा जागच्या जागी थिजली. जाईबाई मधल्या खोलीत चटईवर आडवी झाली होती. उत्तरा ठाण्याला गेली होती. सर मागच्या खोलीत खुर्चीत बसून टॉर्कचा पाना पुसत होते. त्यांच्यासमोर खिडकी, खिडकीपलीकडे हातभर बोळ, आणि बोळापलीकडे शेडचा पत्रा.

टक्.

सरांनी हातातल्या पान्याकडे बघितलं. पाना फडक्यात गुंडाळलेला होता.

तापलेला पत्रा वाजतो. ऊन उतरलं की आकसतो आणि वाजतो. हे ते पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत. पण पत्र्याचा आवाज पसरट असतो. हा आवाज लहान, नेटका, तेल दिलेला होता.

टक्.

मग थोडी शांतता. ती शांतता सरांना ओळखीची वाटली. धातूला बसू देण्यासाठी माणूस थांबतो तेवढीच ती होती.

टक्.

“ऐकतेस का गं?” त्यांनी हाक मारली.

“पंखा बंद आहे, ऐकू नको तर काय करू?” जाईबाई आतून म्हणाली. “तुमची ती टकटक ठेवा आता. डोकं उठलंय.”

सर उठले नाहीत. पलीकडे आता टक् येत नव्हतं. त्याऐवजी एक बारीक, ओढलेला, रडवेला आवाज येत होता. टक् झाल्यावरही हात न काढता कुणी लोखंड पुढे रेटत राहिलं की येतो तसा. तो आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला. त्यात घाई नव्हती. कुणीतरी मन लावून काम करत होतं, आणि त्या मन लावण्यात कमालीचा दुस्वास होता.

वीज आल्यावर सरांनी कुलूप उघडलं. आत कुणी नव्हतं. मागच्या भिंतीला खिडकी नव्हती. इंजिन धरून ठेवणाऱ्या बोल्टांवरच्या, हँडलच्या पकडीवरच्या सगळ्या रेघा तुटल्या होत्या, आणि सगळे तुकडे उजवीकडे सरकले होते. शेडमध्ये उभं राहताना त्यांना पहिल्यांदाच वाटलं की आपण दुसऱ्याच्या खोलीत न विचारता आलो आहोत, आणि ते त्या दुसऱ्याला मुळीच आवडलेलं नाही.

४

मग ते घरात आलं.

आधी न्हाणीचा नळ. जाईबाईला तो उघडेना. सरांनी पकडीने उघडला तर आतला वायसर कापून निघाला. मग लोणच्याच्या बरणीचं झाकण. मग खिडकीच्या बिजागऱ्या: स्क्रू इतके आत गेले होते की लाकूड उभं चिरलं होतं. जाईबाई आधी कुरकुरली, मग वैतागली, आणि शेवटी गप्प झाली. तिचं गप्प होणं सरांना जास्त लागलं.

“काय ते एकदा बोल,” ते म्हणाले.

“काय बोलू? पोरगी निघाली म्हणून तुमचा जीव थाऱ्यावर नाही, कळतं मला. पण घर आवळून ती राहणार आहे का?”

“मी नाही करत हे.”

“मग काय मी करते? माझ्या हातात भाकरी थापायचं बळ उरलं नाही.”

“जाई, तुला मी करताना दिसलो का?”

“तुम्ही स्वतःला तरी दिसता का?” ती म्हणाली.

हा प्रश्न सरांच्या आत रुतून बसला. शिकलेला माणूस शंकेला दार उघडं ठेवतो, आणि शंका एकटी येत नाही. झोपेत चालणाऱ्या माणसांबद्दल त्यांनी वाचलं होतं. म्हातारपणी मेंदूतले काही दिवे विझतात हेही वाचलं होतं. पण त्याच दिवशी दुपारी ते झोपून उठले, उशाचा चष्मा उचलला, आणि त्याच्या काड्या उघडेनात. दोन्हीकडचे ते तिळाएवढे स्क्रू मुळापर्यंत पिळलेले होते. काच एका कडेला तडकली होती.

तो चष्मा त्यांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होता. कुणीतरी तिथे वाकून, त्यांच्या श्वासाइतकं जवळ बसून, बारीक काम केलं होतं.

५

सरांनी प्रयोग केला. रॉकेलच्या चिमणीची काजळी तेलात कालवली आणि गाडीच्या साऱ्या नटांना फासली. जो हात लावेल त्याचे हात बोलतील. मग शेडला कुलूप घालून ते दुपारचे आडवे झाले. उठल्या उठल्या त्यांनी तळवे खिडकीपाशी धरले. स्वच्छ.

“जाई! बघ, माझे हात बघ.”

“धुतलेत की आत्ताच,” जाईबाई म्हणाली. “न्हाणीत साबण ओला आहे.”

आपण उठलो होतो का? त्यांना आठवत नव्हतं. शेडमध्ये नटांवरची काजळी पुसटली होती, आणि चाकांचे आरे! त्यांनी नखाने एक आरा छेडला. परवापर्यंत तो जाडसर ‘टण्ण’ करी. आता शिवणाच्या सुईसारखा टोकदार आवाज निघाला.

संध्याकाळी उत्तरा दवाखान्याची औषधं घेऊन आली, पंख्याखाली बसली आणि घड्याळ काढायला लागली.

“बाबा, हे निघत नाहीये. कसलं टाइट झालंय बघा ना.”

पट्टा नेहमीच्या भोकाच्या बराच पुढे ओढलेला होता. सरांनी नखं मोडेतो खटपट करून तो सोडवला. खाली मनगटाला सगळीकडून, बांगडी भरावी तसा, काळा डाग होता. तेल आणि काजळी.

“ग्रीस लागलं असेल गाडीचं,” ती म्हणाली.

“तू शेडमध्ये गेली होतीस?”

“मी कुठे गेलेले? आत्ता तर येतेय.”

सर खाली बसले. आतापर्यंत त्यांना वाटत होतं की शेडमधल्या त्या दुसऱ्याला गाडी हवी आहे.

“उत्तरा, तू जाऊ नकोस. निदान या गाडीने जाऊ नकोस.”

“झालं सुरू!” तिने घड्याळ टेबलावर टाकलं. “बाबा, ऐका. आधी पोस्टिंग लांब होतं, मग रस्ता खराब होता, आता गाडी वाईट झाली. तुम्हाला मी जायलाच नको आहे, बरोबर ना? सांगा ना सरळ.”

“तसं नाही गं.”

“आईने सांगितलंय मला. नळ, खिडक्या, सगळं. अहो, तुमच्या भीतीने माझा एक्सल तुटायची वेळ आलेली, नामाने सांगितलं मला नाक्यावर. उद्यापासून गाडीला हात लावायचा नाही. प्लीज.”

दुसऱ्या दिवशी तिने गाडी ढकलत नामाकडे नेली. नामाने ताणलेले सगळे बोल्ट बदलले आणि आरे सैल करून चाकं सरळ केली. निघायच्या सकाळपर्यंत गाडी त्याच्याच गॅरेजमध्ये राहिली. सरांनी एकही नट तपासला नाही. हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं.

घरात त्या काळात काहीच झालं नाही. नळ उघडत होता, खिडकी हलत होती. जाईबाईने सरांकडे बघून एकदा मान हलवली. तिला जे कळायचं ते कळलं होतं. सरांना मात्र ती शांतता पुन्हा ओळखीची वाटली.

६

निघायच्या दिवशी सकाळी उत्तरा गाडी घेऊन अंगणात आली. पाठीला पिशवी, मागे औषधांची पेटी. घरातली वंदना म्हणून झाली. आईच्या पाया पडली, बाबांच्या पडताना थोडी घुटमळली, पण पडली. मग गाडी चालू करून, तिच्यावर बसून तिने हेल्मेट चढवलं. त्याचा पट्टा हनुवटीखाली दोन कड्यांतून ओवून ओढायचा असतो.

“पाण्याची बाटली राहिली!” म्हणून जाईबाई आत गेली.

सर फाटक उघडायला गेले. फाटकाची दोन्ही दारं दोन हातांनी धरून ते उभे राहिले. त्यांच्या आणि गाडीच्या मध्ये सगळं अंगण होतं, आणि उत्तरा त्यांच्याकडे पाठ करून बसली होती.

“बाबा, बास,” ती लाडाने म्हणाली. “बसलं नीट.”

सरांनी आपल्या हातांकडे बघितलं. ते फाटकावर होते.

“बाबा, पुरे ना! घट्ट झालं.”

गाडीच्या गोल आरशात तिची हनुवटी दिसत होती. तिचे हात हँडलवर होते. पट्ट्याचं टोक हवेत ताठ उभं होतं, मधोमध दाबलेलं, चिमटीत धरल्यासारखं. ते कड्यांतून मागे सरकलं. थांबलं. कातड्याला बसू देण्यासाठी थांबावं तेवढंच थांबलं. पुन्हा सरकलं. आरसा इंजिनाच्या हादऱ्याने थरथरत होता, आणि त्या थरथरीत, पट्ट्याच्या कडेला, सरांना क्षणभर एक नख दिसलं. नीट कापलेलं, कडेला तेलाने काळं झालेलं. नीटनेटक्या माणसाचं नख.

“बा—” उत्तरा म्हणाली, आणि पुढचं अक्षर आलं नाही.

सर धावले. म्हातारं शरीर जितकं धावेल तितकं. तिचे हात आता गळ्याशी होते, गाडी आचका देऊन बंद पडली होती आणि एका अंगावर कलत होती. पट्ट्यात बोट शिरायला जागा नव्हती. पेटी बांधताना दोरी कापायला घेतलेली सुरी कठड्यावर पडली होती. त्यांनी ती उचलली, पातं कानाखाली हेल्मेटच्या कडेशी घातलं आणि पट्टा कापला.

हेल्मेट फरशीवर आपटलं. उत्तरा वाकून खोकत राहिली. तिच्या गळ्याभोवती लाल वळ उठला होता.

दारात जाईबाई उभी होती. तिला सर दिसले, सुरी दिसली, मुलीचा गळा दिसला.

“मारायचं होतं का मला?” उत्तराचा आवाज फाटला होता. “सांगत होते ना, पुरे म्हणून? सांगत होते ना?”

सर सांगू शकले असते. फाटक कुठे आहे, बघ, असं म्हणू शकले असते. पण ती थांबली असती. आधी रडली असती, मग वाद घातला असता, मग म्हाताऱ्याला डॉक्टरकडे न्यायला म्हणून राहिली असती. या घरात राहिली असती.

“हो,” सर म्हणाले. “मीच. माझं डोकं ठिकाणावर नाही. तू जा. आत्ताच्या आत्ता जा, आणि इकडे येऊ नकोस.”

“अहो!” जाईबाई ओरडली.

“हेल्मेट पुढे कल्याणला दुसरं घे. जा!”

उत्तराने त्यांच्याकडे जसं बघितलं तसं तिने त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. मग तिने गाडी फाटकाकडे वळवली, किक मारली आणि निघाली. वळणावर गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा मागची नंबरप्लेट खुळखुळली. कुठला तरी स्क्रू सैल होता. आयुष्यभर ज्या आवाजाने सरांची झोप उडाली असती, तो आवाज ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याबरोबर काहीही गेलं नव्हतं.

७

जाईबाई शेजाऱ्यांकडे जाऊन बसली. या माणसाबरोबर एकटं बसायला तिला भीती वाटत होती, आणि ती तिने लपवली नाही.

सर मागच्या खोलीत खुर्चीवर बसले. ऊन चढलं होतं. सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी होती, कारण धावल्यामुळे छाती अजून भरून येत होती. दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले होते आणि नजर त्या हातांवरच होती. हात आपलेच होते. स्वच्छ होते, जागच्या जागी होते.

खालचं बटण काजात गेलं.

सर हलले नाहीत. कदाचित ते आधीपासून लावलेलंच असेल. कदाचित आपण दोनच्या जागी एकच उघडलं असेल. त्यांनी हा विचार सवयीने केला आणि सवयीनेच बाजूला ठेवला.

वरचं बटणही लागलं. मग कॉलर मागून, मानेपाशी, कुणीतरी गोळा केल्यासारखी सावकाश ताणली गेली. थांबली.

या थांबण्यात वेळ होता. उठून अंगणात पळता आलं असतं, जाईबाईला हाक मारता आली असती, दोन बोटं कॉलरमध्ये घालता आली असती. पण हे इथून सुटलं तर कुठे जाईल?

“बस,” सर म्हणाले. वर्गात उभ्या राहिलेल्या पोराला सांगावं तशा आवाजात. “इथेच बस. मला घाई नाही.”

कॉलर पुन्हा ताणली गेली. सरांनी हात गुडघ्यांवरून उचलले नाहीत. मुरबाडचा रस्ता लांबचा, आणि ती अजून पोचली नसेल.